माऊस सदोष, बदलला

माऊस कॉम्प्युटरपासून सुटला की कॉम्प्युटर दोन सुरांचा एक आवाज करतो. आधी वरचा सूर, मग खालचा. पुन्हा जोडला गेला की तेच दोन सूर उलटे वाजतात. चेन्नईत सहा वर्षं कॉम्प्युटर दुरुस्तीच्या नोकरीत काढल्यावर आता भाजी घेतानासुद्धा कुणाच्या मोबाइलवर तसलं काही वाजलं की माझा हात पिशवीत स्क्रू-ड्रायव्हर शोधायला लागतो. नोकरी सोडून वर्ष झालं. हात अजून कामावरच आहे.

संपादकांनी पत्रात 'तुमच्या क्षेत्रातले थरारक अनुभव' मागितले होते. आमच्या क्षेत्रात थरारक काही नसतं. कुणाचा तरी माऊस चालत नसतो आणि तो माणूस चिडलेला असतो. दोन बस बदलून आपण पोचतो तेव्हा माऊस नेमका चालायला लागतो. मग तो माणूस आपल्यावर चिडतो. तरीही लिहायला बसले, कारण एका माऊसबद्दल मी कागदावर दोन खोटी वाक्यं लिहिली आहेत. पहिलं आळसाने, दुसरं विचार करून. दोन्ही अजून कुठल्यातरी फायलीत असतील.

खोटं वाक्य लिहिणं हे आमच्या घरात चोरीपेक्षा वाईट मानलं जाई. आम्ही चेन्नईजवळच्या आवडी गावात राहायचो, संरक्षण कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये. अप्पा फिटर आणि युनियनचे. घरात गोष्टीची पुस्तकं कमी, पत्रकं जास्त. मजकूर अप्पा मराठीत लिहीत, आई त्याचं हिंदी करी, शेजारचे मास्तर तमिळ करत, आणि छापून आल्यावर तीन घड्या घालायचं काम माझं. 'कामगार बंधू-भगिनींनो' हे शब्द मला बाराखडी पुरी व्हायच्या आधी ओळखता येत. बाविसाव्या वर्षी नोकरीला लागले तेव्हा माझी ठाम समजूत होती की कागदावरचं प्रत्येक वाक्य एकतर काम करणाऱ्याच्या बाजूचं असतं नाहीतर त्याच्या विरुद्धचं. तिसरी जात नाही. ही समजूत अजून तशीच आहे. फक्त स्वतःवरचा विश्वास तितका राहिलेला नाही.

धंदा थोडक्यात सांगते. कंपन्या, बँका, कचेऱ्या वर्षाच्या करारावर आपले कॉम्प्युटर आमच्याकडे देखभालीला देत. तक्रार आली की तिला 'कॉल' म्हणायचं. कॉलवर जायचं, दुरुस्ती करायची, तीन रंगांचा कार्बन लावलेला रिपोर्ट भरायचा, गिऱ्हाइकाची सही घ्यायची. पांढरी प्रत त्यांना, पिवळी आमच्या ऑफिसला, गुलाबी स्वतःला. दिवसाला चार-पाच कॉल बंद झाले नाहीत तर संध्याकाळी मॅनेजर विचारणार. म्हणून माऊसच्या तक्रारीसाठी आमचा एक ठरलेला रिवाज होता: वायर हलवून बघा, दुसऱ्या खाचेत लावून बघा, नवा माऊस जोडा, दहा मिनिटं थांबा, सही घ्या, निघा. दहा मिनिटांत सुटला नाही तर बरा झाला.

बहुतेक वेळा तो खरंच बरा होई. मांबलममधल्या एका ऑडिटरच्या कचेरीतून आयुधपूजेनंतर दरवर्षी कॉल यायचा. आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारं पूजतात तशी इथे कचेरीतली सगळी यंत्रं पूजतात. एका वर्षी तिथले सगळे माऊस एकदम आंधळे झाले. उलटे करून पाहिले तर प्रत्येकाच्या पोटातल्या लाल दिव्यावर चंदनाचा ठिपका आणि त्यावर कुंकू. तिथल्या म्हाताऱ्या कारकुनाला तो दिवा म्हणजे यंत्राचा डोळा वाटला होता, आणि डोळ्याला सोडून पूजा कशी करायची? मी स्पिरिटचा बोळा काढला तर ते आडवे आले.

"मॅडम, कुंकू पुसता? सणाच्या दुसऱ्या दिवशी?"

"मी नाही पुसत. तुम्ही लावलंत, तुम्हीच उतरवा."

त्यांनी प्रत्येक माऊसला हात जोडले, क्षमा मागितली, आणि माझ्यापेक्षा स्वच्छ पुसला. मी त्या रिपोर्टमध्ये 'दिव्यावर धूळ' असं लिहिलं. तेही खोटंच. पण त्याने कुणाचं काही गेलं नाही.

आता सेल्वीची गोष्ट.

इरुंगाट्टुकोट्टैच्या औद्योगिक वसाहतीत गाड्यांचे सुटे भाग करणारा एक कारखाना आमच्या करारात होता. पूनमल्लीला बस बदलून तिथे पोचायला मला दहा वाजत. तिथे तपासणी विभागात सेल्वी काम करायची. माझ्याएवढीच, जवळच्याच खेड्यातली, ट्रेनी म्हणून लागलेली. ब्रेकमध्ये बसणारा एक लोखंडी तुकडा मापाच्या यंत्रात धरायचा, स्क्रीनवर आकडा आला की माऊसने 'पास' किंवा 'नापास' दाबायचं, पुढचा घ्यायचा. तिच्या हाताचा वेग सगळ्यांत जास्त, म्हणून नवा आलेला कॉम्प्युटर तिला मिळालेला. बाकीच्या दोन टेबलांवर जुनी यंत्रं आणि गोल पिनेचे जुने माऊस. तिचा नवा, चपट्या खाचेचा.

आणि तोच सुटायचा. स्क्रीनवरचा बाण जागच्या जागी गोठायचा, दोन सूर वाजायचे, ती वायर काढून परत लावायची, कधी मिनिटाने तर कधी पाच मिनिटांनी बाण जिवंत व्हायचा. एवढ्याने काय बिघडतं असं बाहेरच्याला वाटेल. पण त्या कॉम्प्युटरमध्ये दोन क्लिकमधला वेळ मोजला जाई. ठरावीक वेळ उलटून गेला की त्या ऑपरेटरच्या नंबरापुढे लाल रेघ. रेघ का आली हे लिहायला तिथे जागाच नव्हती. ट्रेनीला कायम करायचं की नाही हे त्या रेघा मोजून ठरायचं. सेल्वी कायम झाली की तिची आई विटांच्या भट्टीवर जाणं सोडणार होती. हे तिने मला पहिल्या भेटीतच सांगितलं होतं, सहज, हात न थांबवता.

त्या विभागाचे प्रमुख राव सार. घराणं तंजावरचं, मराठी बोलणारं. माझी मराठी ऐकून त्यांना वाटे मी घाईत आहे. त्यांची ऐकून मला वाटे आपण बखर वाचतो आहोत.

"या अम्मा, या. उन्हांतून आलांत. प्रथम बैसा, कॉफी घ्या. तो माऊस काय पळून जातो?"

"पळूनच जातो सार, म्हणून तर आले."

"पळो. कॉफी निवेल, ती परत येत नाहीं."

कारखान्यात चहाची सुट्टी त्याच सुमारास व्हायची. पहिल्या भेटीत मी त्यांच्या खोलीत बसून पितळी डबऱ्यातली, म्हणजे पसरट वाटीतली, कॉफी प्यायले, मग नवा माऊस लावला, दहा मिनिटं थांबले. सुटला नाही. 'दोष आढळला नाही' लिहून सही घेतली. आठवड्याने पुन्हा कॉल. या वेळी जेवणाची वेळ होती, म्हणून पाहुण्यांच्या मेजावर सांबार-भात. मग खाच बदलली, वीज वाचवण्यासाठी माऊसला झोपवणारी सेटिंग बंद केली, दहा मिनिटं थांबले. सुटला नाही. पण या वेळी 'दोष आढळला नाही' लिहिलं असतं तर मॅनेजरने विचारलं असतं की दोनदा जाऊन काय केलंस. रकान्यात काहीतरी घालायला हवं होतं. आमच्या ऑफिसात अशा वेळी सगळेच एक वाक्य लिहायचे, मीही लिहिलं: 'ऑपरेटरला वायर नीट हाताळण्यास सांगितले.'

हे पहिलं खोटं वाक्य. मी सेल्वीला काहीही सांगितलं नव्हतं. तिने वायर कशी हाताळली हे मी पाहिलंही नव्हतं. मला पुढची बस गाठायची होती.

तीन आठवड्यांनी, एका बुधवारी, त्याच कारखान्यात प्रिंटरचा कॉल होता. सेल्वीच्या टेबलावरून जाताना मी हसले. ती हसली नाही. तिने डब्याच्या पिशवीतून घडी केलेला कागद काढला.

"अक्का, हे इंग्लिश आहे. म्हणे ह्यात तुमच्या रिपोर्टातलं वाक्य आहे. मला वाचून दाखवा."

मेमो होता. मी उभ्याने वाचला आणि मग तिला तमिळमध्ये सांगायला लागले. कंपनीच्या साधनाची हेळसांड करून आपण वारंवार काम थांबवलं. बाहेरच्या तज्ज्ञ संस्थेच्या लेखी अहवालानुसार ऑपरेटरला वायर नीट हाताळण्यास सांगावे लागले. सबब शुक्रवारपर्यंत खुलासा द्यावा.

"तज्ज्ञ संस्था म्हणजे कोण?"

"मी."

"तुम्ही मला कधी सांगितलंत, वायर नीट धर म्हणून?"

"नाही."

"मग?"

तिने कागदाची पूर्वीच्याच घड्यांवर घडी केली आणि डब्याखाली ठेवला. "शुक्रवारी खुलासा पटला तर कायम करतील. नाही पटला तर इथूनच वणक्कम," ती म्हणाली आणि पुढचा तुकडा यंत्रात धरला.

घरी येऊन मी अप्पांना गुलाबी प्रत दाखवली. त्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली. मला वाटलं ओरडतील. निवृत्त झाल्यापासून त्यांचा आवाज फक्त टीव्हीवरच्या बातम्यांवर चढायचा.

"असं लिहिणाऱ्याचं नाव आम्ही पत्रकात छापायचो," ते म्हणाले. "जाड टाइपात."

मी प्रत परत घ्यायला हात पुढे केला.

"जेवून घे," ते म्हणाले, आणि प्रत माझ्याकडे दिली. तीन घड्या घालून. सवयच ती.

गुरुवारी मी पहाटेच निघाले आणि शिफ्ट सुरू होताना सेल्वीच्या शेजारी एक प्लास्टिकचा क्रेट उलटा टाकून बसले. मॅनेजरला सांगितलं होतं की आज एकच कॉल करणार, पगार कापायचा तर कापा. राव सारांनी शिपायाकडून दोनदा बोलावलं. मी दोनदा नाही म्हणून सांगितलं. कॉफीला नाही म्हणणारी बाई त्यांनी पहिल्यांदाच पाहिली असावी, ते स्वतः येऊन बघून गेले.

सेल्वीने पिशवीतून पानांचा एक गठ्ठा काढून माझ्या मांडीवर ठेवला. तमिळ घरांत रोज एक पान फाडायचं कॅलेंडर असतं, त्याची फाडलेली पानं. प्रत्येक पानाच्या मागे पेन्सिलीने वेळा लिहिलेल्या. माऊस किती वाजता सुटला, किती वाजता आला. महिनाभराचा हिशेब. दहा वीस. पाऊण. तीन दहा. रोज जवळपास त्याच तीन वेळा, एखाद-दोन मिनिटं इकडे-तिकडे. माझ्या भेटीच्या दोन्ही पानांवर आणखी एक ओळ होती: 'इंजिनियर आल्या. कॉफीला गेल्या. सुटला.' आणि: 'इंजिनियर जेवायला गेल्या. सुटला.'

"हे तू मला तेव्हाच का नाही दिलंस?"

"कुणी विचारलं?" ती म्हणाली. "तुम्ही सगळं माऊसलाच विचारत होता."

दहाला चहाची सुट्टी झाली. मी हलले नाही. सुट्टी संपली, माणसं परत आली, आणि पलीकडच्या शेडमधला मोठा प्रेस सुरू झाला. पायाखालची जमीन थरथरली, डोक्यावरच्या ट्यूबने डोळा मिचकावला आणि कॉम्प्युटरने ते दोन सूर वाजवले. वरचा, मग खालचा. बाण गोठला.

दहा वाजून एकवीस मिनिटं.

म्हणजे तीन सुट्ट्यांनंतर तीन वेळा प्रेस सुरू होई आणि तीन वेळा माऊस सुटे. सकाळी पहिल्यांदा प्रेस सुरू होई तेव्हा हिचा कॉम्प्युटर चालूच केलेला नसे. आणि प्रेस सुरू व्हायच्या वेळी आम्ही इंजिनियर लोक नेमके राव सारांच्या पाहुणचारात. इतका साधा घोळ. मला हसू यायला हवं होतं.

"आणखी एक सांगू?" सेल्वी कचरत म्हणाली. "हसणार नसाल तर. ह्या टेबलाच्या पत्र्याला हात लागला की मुंगी चावल्यासारखं होतं. मी सांगितलं तर सगळे म्हणाले, तुला प्रेमाचा शॉक बसला असेल. तेव्हापासून मी पायाखाली रबराचा तुकडा ठेवते."

मी वीज मोजायचा मीटर काढला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. तीन पिनांच्या प्लगमधली वरची जाड पिन विजेचं काम करत नाही. ती राखण करते. यंत्रात कुठे भरकटलेली वीज असली तर ती या पिनेतून वायरीने जाऊन इमारतीबाहेर जमिनीत मुरते. त्याला अर्थिंग म्हणतात. अर्थिंग धड असेल तर मीटरवर या पिनेत आणि शेजारच्या न्यूट्रलमध्ये दोन-तीन व्होल्ट दिसतात. मला चाळीसच्या वर दिसले. भरकटलेल्या विजेला जायला वाटच नव्हती. ती टेबलाच्या पत्र्यावर, कॉम्प्युटरच्या अंगावर थबकून राहायची, आणि प्रेसचा धक्का आला की सगळ्यांत नाजूक गोष्ट आधी मान टाकायची. ती म्हणजे तो नवा माऊस. जुन्या यंत्रांचे गोल पिनेचे माऊस दणकट, ते सहन करायचे. तेज हाताला बक्षीस म्हणून जे दिलं होतं तेच तिच्या मुळावर आलं होतं.

भिंतीवरून उतरणारी अर्थिंगची पट्टी धरून मी शेडच्या मागे गेले. पट्टी एका चौकोनी खड्ड्यात शिरत होती. त्यावर सिमेंटचं झाकण, झाकणावर हळदीचे जुने पट्टे आणि सुकलेलं कुंकू. झाकण सरकवलं. आत मीठ आणि कोळसा घातलेली माती असते, ती कायम ओली हवी. इथली माती फुटाण्यासारखी तडतडीत होती. भेगांत माझी करंगळी गेली.

"दोन कुडम रोज घालायचो," मागून आवाज आला. कारखान्याचा माळी मुनुसामी, हातात झाडू. कुडम म्हणजे प्लास्टिकची घागर. त्या पाणीटंचाईच्या काळात चेन्नईत माणसांपेक्षा रस्त्यावर त्याच जास्त दिसत. "जुना इलेक्ट्रिशियन गावाला गेला, जाताना सांगून गेला, अय्या, ह्याला पाणी चुकवू नका. का ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. देवाला 'का' असं विचारतो का आपण?"

"मग बंद का केलंत अय्या?" मीही त्याला आदराने अय्या म्हटलं.

"नोटीस आली. जमिनीवर थेंब ओतायचा नाही. लॉन गेलं, कण्हेर गेली. मी विचारलं, ह्या खड्ड्याचं काय? मला म्हणाले, माणसांना प्यायला नाही, खड्ड्याला कसलं पाणी देतोस?"

नोटीस काढणाऱ्याचंही चुकलं नव्हतं. गेटवर टँकरची वाट बघत माणसं उभी असायची. फक्त खड्ड्याला पाणी का घालायचं हे कुठल्याही कागदावर नव्हतं. ते एका इलेक्ट्रिशियनच्या डोक्यात होतं आणि तो गावाला गेला होता. मुनुसामीने हळद-कुंकू लावून जमेल तेवढं ते सांभाळलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत सेल्वी जेवली नाही. कँटीनमध्ये हात धुतलेलं पाणी गटारात जायचं, तिथे तिने दोन कुडम लावून ठेवले. भरला की मुनुसामी उचलायचा, मी झाकण धरायचे. खरकटं, साबणाचं पाणी, शितं तरंगणारी. मातीला त्याची किळस नव्हती. पहिले दोन कुडम तिने आवाज करत पिऊन टाकले. सहा कुडम गेले तेव्हा मी आत जाऊन मीटर लावला. चाळीसचे अकरा झाले होते. थोड्या वेळाने सहा. मग तीन.

पाऊण वाजता प्रेस सुरू झाला. जमीन थरथरली, ट्यूबने डोळा मिचकावला. सेल्वीने माऊस गोल गोल फिरवला. बाण गोल गोल फिरला. तिने माझ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, आणि तुकड्यांच्या ट्रेकडे हात नेला. तिची दोन मिनिटं आधीच गेली होती.

राव सारांच्या खोलीत मी रिपोर्ट लिहायला घेतला. मॅनेजरला फोन केला तर तो म्हणाला, "शाब्बास, पण गिऱ्हाइकाची चूक असं कागदावर आणू नकोस, करार नव्याने व्हायचा आहे." मी फोन ठेवला आणि लिहिलं: अर्थिंग निकामी, खड्डा कोरडा. ऑपरेटरबाबतचा पूर्वीचा शेरा चुकीचा, तो मागे घेत आहे.

राव सारांनी वाचलं. पेनचं टोपण काढलं, परत लावलं.

"अम्मा, हें सत्य आहे. मी काय खोटें म्हणतों? परंतु हा कागद घेऊन बारा टेबलें फिरावें लागेल. खड्डा कोणाचा, नोटीस कोणाची, इतकें मास कोणीं पाहिलें नाहीं कां, शॉक लागला तर जबाबदार कोण. जो तो आपला हात झाडील. तों शुक्रवार जाईल. ही मुलगी घरीं बैसेल."

"मग काय लिहू?"

"माऊस सदोष, बदलला. इतकेंच. दोष माऊसचा म्हटला कीं मेमो आपोआप पडला. मी सही करतों आणि आजच फाईल वर पाठवितों. माऊसास ना घर, ना युनियन. तो अपील करीत नाहीं."

मी रिपोर्ट स्वतःकडे ओढला. म्हटलं, "सार, माझ्या घरी हे चालत नाही." ते म्हणाले, "ठीक. परंतु नोकरी तुमच्या घरची नाहीं, तिची आहे. तिला विचारा."

हे मला सुचलं नव्हतं. लहानपणापासून मी कामगारांसाठी इतकी वाक्यं वाचली, घडी केली, वाटली, पण त्यातलं कुठलं वाक्य हवंय हे एकाही कामगाराला मी कधी विचारलेलं नव्हतं.

सेल्वीने दोन्ही वाक्यं ऐकून घेतली. तिचा हात चालू होता. पास. पास. नापास.

"अक्का, माऊस लिहा."

"मी भांडू शकते, सेल्वी. खरं आपल्या बाजूचं आहे."

"आहे की. ते कुठे पळतंय?" पास. "आज माऊस लिहा, शुक्रवार जाऊ दे. मग खरं लिहा. सावकाश, नीट, सगळ्यांसाठी लिहा. बाकीच्या शेडलाही असे खड्डे असतील." पास. "पण लिहा हं."

"लिहीन."

मी नवा फॉर्म काढला. माऊस सदोष, बदलला. राव सारांची सही वळणदार, लांब. शुक्रवारी सेल्वी कायम झाली. तिने फोन करून सांगितलं. मागून तिची आई काहीतरी मोठ्याने बोलत होती, मला इतकंच कळलं की मला जेवायला बोलावलं आहे. मी गेले नाही. वेळ झाला नाही.

आणि लिहिलंही नाही. सोमवारी पाच कॉल होते. मंगळवारी सहा. करार नव्याने झाला, मॅनेजरने पेढे दिले. मी घरी मजकूर जुळवायला बसायचे, 'कारखान्यातील सर्व बंधू-भगिनींनो' इथपर्यंत यायचे आणि डोळे मिटायचे. थकवा हे कारण आहे की सबब, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. अप्पांनी एकदाच विचारलं, "त्या खड्ड्याचं काय केलंस?" मी म्हटलं, पाणी घातलं. त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

साधारण वर्षाने ऑफिसात पिवळ्या प्रती लावताना त्याच कारखान्याचा एक रिपोर्ट हाती आला. दुसरी शेड. माऊस वारंवार सुटतो. आमच्याकडे नव्याने लागलेला इंजिनियर गेला होता. हुशार मुलगा, कामाला चोख. जायच्या आधी त्याने जुनी फाईल काढून बघितली होती की या गिऱ्हाइकाकडे असा दोष पूर्वी कसा गेला. फाईलमध्ये माझं अक्षर होतं. म्हणून त्याने लिहिलं होतं: माऊस सदोष, बदलला. आणि खाली, रकाना रिकामा नको म्हणून: ऑपरेटरला वायर नीट हाताळण्यास सांगितले.

मी त्याच दिवशी धावत गेले. राव सार निवृत्त होऊन गेले होते. सेल्वीच्या शेडमागचा खड्डा ओला होता. ती रोज शिफ्टच्या आधी कँटीनचे दोन कुडम घालत होती. दुसऱ्या शेडमागे झाकणावर गवतही उगवलं नव्हतं. माझ्या फोनवरून तिला कळलं तशी सेल्वी माझ्या आधीच तिथे कुडम घेऊन पोचली होती. झाकण आम्ही दोघींनी मिळून सरकवलं.

"इथली मुलगी?" मी विचारलं.

"गेल्या आठवड्यात काढली," ती म्हणाली. मग पाणी ओतायला लागली. 'लिहा हं' म्हटल्याची आठवणसुद्धा करून दिली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

त्या मुलीचं नाव मी विचारलं, पण सेल्वी ओळखत नव्हती. रिपोर्टवरही नव्हतं. तिथे नुसतं 'ऑपरेटर' होतं.

नंतर मी अर्थिंग कसं तपासायचं याचं एक पान तमिळमध्ये लिहून आमच्या प्रत्येक इंजिनियरच्या पिशवीत घातलं. त्यात एकही विशेषण नव्हतं. अप्पांनी घड्या घातल्या. त्या मुलीला त्याचा काही उपयोग नव्हता.

सदोष ठरवलेला भाग इंजिनियरने परत आणायचा असतो. सेल्वीचा तो माऊस मी आणला आणि ऑफिसात जमा केलाच नाही. हा लेख लिहिताना तोच जोडला आहे. ते दोन सूर एकदाही वाजले नाहीत. कागदावर मात्र तो अजून सदोष आहे, आणि खाली माझी सही आहे. म्हणून उशिरा का होईना, लिहून देते: माऊसमध्ये दोष नव्हता. सेल्वीचा दोष नव्हता. दुसऱ्या शेडमधल्या त्या मुलीचाही नव्हता. खड्डा कोरडा होता.